एकाच बाराची शिकार

25 डिसेंबर

नाताळच्या दुपारी सगळी वस्ती जेवून सुस्तावलेली असताना आम्ही हॅरिसबर्गहून उत्तरेला निघालो. दारात बायको एवढंच म्हणाली, "लोक या सुट्टीत फ्लोरिडाला जातात." गाडीत पुढे माझा ऑफिसातला मित्र आणि त्याचे वडील. वडिलांना सगळं कुटुंब 'पॅप' म्हणतं, म्हणून मीही पॅपच म्हणतो. वय 78. मागच्या सीटवर मी, आणि माझ्या मांडीला टेकलेल्या, कापडी गवसणीत घातलेल्या दोन लांबच लांब बंदुका. लहानपणी एसटीतून तंबोरा नेणारे बुवा बघितले होते, त्यांची आठवण झाली.

पेनसिल्व्हेनियात हरणांचा मोठा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर सुरू होतो आणि दोनेक आठवड्यांत संपतो. त्या पहिल्या सोमवारी कित्येक गावांतल्या शाळा बंद ठेवायची जुनी रीत आहे. गर्दी, नारंगी जाकिटं, डोंगरभर आवाज. ते सगळं आटपल्यावर, नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी एक हंगाम असतो, आणि तो फक्त चकमकीच्या ठासणीच्या बंदुकांचा, म्हणजे दारू पुढून ठासायची आणि दगडाच्या ठिणगीने पेटवायची. नळी एकच, भोक किमान .44 इंचाचं, दुर्बीण नाही, आणि बार पेटवायला टोपीसुद्धा (ठोका बसला की पेटणारी छोटी धातूची कुपी) चालत नाही, दगडच हवा. बाकीच्या बहुतेक राज्यांनी ठासणीच्या नावाखाली आधुनिक बंदुकांना परवानगी दिली आहे. दिसायला हुबेहूब रायफल, फक्त दारू पुढून भरायची. पेनसिल्व्हेनियाने हा उशिराचा हंगाम 1974 साली सुरू केला आणि आजतागायत दगडाचा हट्ट सोडलेला नाही. मला हा हट्ट आवडतो. हट्टाला कारणही आहे. लँकेस्टर आणि आसपासच्या भागात अठराव्या शतकात जर्मन आणि स्विस कारागिरांनी आपल्या आखूड, जाड बंदुका लांब आणि सडपातळ केल्या. त्याच पुढे 'केंटकी रायफल' म्हणून जगभर गाजल्या. घडल्या इथे, नाव केंटकीचं. पॅप या विषयावर विल्यमस्पोर्ट येईपर्यंत बोलत होते.

जर्सी शोअरनंतर 44 नंबरचा रस्ता डोंगरात शिरतो. ओलिओना नावाचा फाटा लागला. ओले बुल या नॉर्वेच्या व्हायोलिनवादकाने 1852 साली इथे आपल्या देशबांधवांची वसाहत वसवली होती. ती टिकली नाही, नाव टिकलं. तिथून पुढे बर्फ आणि काळोख. पॉटर काउंटीतल्या कॅम्पवर पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. कॅम्प म्हणजे सरकारी जंगलातली लाकडाची खोली. एक शेगडी, सहा बंक, भिंतीवर पन्नास वर्षांची शिंगं. मित्राचे दोन चुलतभाऊ आधीच येऊन शेगडी पेटवून बसले होते.

बंदुका आत आणायच्या नाहीत, हा पहिला नियम. थंडगार लोखंड गरम खोलीत आणलं की त्याला घाम फुटतो आणि दारू सर्दते. त्यामुळे बंदुका पडवीत खुंटीला. मला आमच्या कुडाळजवळच्या घराची पडवी आठवली. तिथेही खुंटीला एक होती.

26 डिसेंबर

पहाटे पाचला उठून कंदिलाच्या उजेडात बंदूक भरायला शिकलो. शिकलो म्हणजे उजळणी केली. सराव उन्हाळ्यात झाला होता, पण उन्हाळ्यात बोटं चालतात.

शिंगड्यातून मापात 70 ग्रेन दारू काढायची, म्हणजे साडेचार ग्रॅम, पोह्याच्या चमच्यापेक्षा कमी. ती नळीत ओतायची. मग चरबी लावलेली चिंधी (गादीच्या खोळीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचीच चांगली, असं पॅपचं मत), तिच्यावर शिशाची गोल गोळी, आणि गजाने खाली दारूपर्यंत ठासायची. गोळी .49 इंचाची आणि नळी .50 ची, मधली फट चिंधी भरून काढते आणि नळीतल्या पिळाला गोळी धरते. शेवटी नळीबाहेरच्या छोट्या वाटीत चिमूटभर बारीक दारू. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातला दगड पोलादावर आपटतो, ठिणगी वाटीत पडते, वाटीतली आग नळीच्या कुशीतल्या बारीक भोकातून आत जाते, आणि मग बार.

मराठीत त्या वाटीतल्या दारूला रंजक म्हणतात आणि त्या भोकाला कान. हे शब्द मी इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले. तोफेच्या कानात खिळे ठोकले, वगैरे. शाळेत वाटायचं, तोफेला कसला कान? आज तो कान टर्कीच्या पिसाच्या काडीने साफ करत होतो. पॅप म्हणाले, दारू भरताना काडी कानातच ठेव, म्हणजे तो बुजत नाही. आमच्या घरची बंदूक टोपीची, तिला रंजक लागत नसे, पण ठासणी, गज, चाप, बार हे शब्द तिच्यामुळेच तोंडात बसले. 'ठासून सांगणं' आणि 'फुसका बार' आपण रोज म्हणतो. रोजच्या वर्तमानपत्रात पोलिसांची कुणाशी तरी चकमक झडतच असते. दगडाची ठिणगी मात्र बघितलेली नसते.

सकाळी बसलो तिथे काही आलं नाही. सूर्य साडेसातनंतर उगवतो, तोही उगवल्यासारखा वाटत नाही. दुपारी पॅपनी मला एका घळीच्या तोंडाशी, हेमलॉकच्या झाडाखाली उभं केलं आणि बाकीचे तिघे लांबून वळसा घालून डोंगरावरून चालत यायला निघाले. आपल्याकडचा हाकाच हा. फक्त डबे बडवायचे नाहीत, ओरडायचं नाही. नुसतं वाऱ्याच्या अंगाने सावकाश चालत यायचं. महिनाभर गोळ्यांचे आवाज ऐकून हरणं इतकी बिथरलेली असतात की माणसाचा वास पुरतो.

उभं राहून राहून माणूस जंगल बघायला लागतो. इथली झाडं सगळी साधारण एकाच वयाची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला लाकूडवाल्यांनी हे डोंगर बोडके केले होते. पाइन घरांसाठी, हेमलॉकची साल कातडी कमावण्यासाठी. हरणंही तेव्हा जवळजवळ संपली, आणि 1906 पासून बाहेरच्या राज्यांतून विकत आणून सोडावी लागली. मग ती इतकी वाढली की जंगलातली कोवळी रोपं फस्त करू लागली. नेचे तेवढे राहिले, कारण ते हरणं खात नाहीत. बर्फातून वर डोकावणारे वाळके, तपकिरी नेचे मी आधी निसर्गशोभा म्हणून बघत होतो.

साडेतीनच्या सुमाराला दोन आकृत्या दिसल्या. एक मादी आणि मागे तिचं या वर्षीचं पिल्लू. या हंगामात नराचं न वापरलेलं चिठ्ठं (मारलेल्या हरणाला बांधायचा परवान्याचा कागद) मादीलाही चालतं, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. चाळीस वार. मादी थांबली, बीचच्या झाडाच्या वाळक्या पानांआड तोंड, खांदा मोकळा. माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दाणा) खांद्यावर टेकली. घोडा पूर्ण मागे. इतकं शांत की घोड्याचा 'कट्' मलाच मोठा वाटला. चाप ओढला.

फुस्स.

वाटीत भक्कन जाळ झाला, पांढरा धूर वर गेला, आणि बस्स. नळी गप्प. मादीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. घाबरून नव्हे. आमच्या गल्लीत कुणाची स्कूटर चालू होत नसली की शेजारी जसे बघतात तसं. मग शेपटीचा पांढरा झेंडा वर करून दोघं निघून गेली.

पॅप आले, वाटीत बोट फिरवून बघितलं. बोटाला काळा चिखल. "सकाळी भरलेली रंजक दुपारी तशीच?" (शब्द त्यांचे नव्हेत, अर्थ तोच.) सर्द हवेत तासा-तासाला ती झटकून नवी घालायची असते. मला माहीत होतं. हातमोजा काढायचा कंटाळा केला होता. वाटीतली दारू कशीबशी पेटली, पण कानात सर्द राख बसली होती, आग आत गेलीच नाही.

27 डिसेंबर

रात्रीपासून गारठलेला पाऊस. पडताना पाणी, टेकताना बर्फ. अशा दिवशी चकमकीची बंदूक म्हणजे हातातली काठी. चुलतभाऊ पत्ते काढून बसले. मला शिक्षा म्हणून सगळ्यांच्या बंदुका धुवायचं काम मिळालं.

धुवायच्या म्हणजे खरंच धुवायच्या, गरम पाण्याने आणि साबणाने. काळी दारू म्हणजे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. जळल्यावर जी काजळी उरते ती हवेतलं पाणी ओढून घेते आणि एका रात्रीत नळीला गंज चढवते. पडवीत बादलीवर वाकून गजाला चिंध्या गुंडाळून नळी घासत होतो. बादलीतलं पाणी काळं झालं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला. तो वास नाकात जाताच मी एकदम आठ वर्षांचा झालो.

आमच्या आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बंदूक होती. सिंधुदुर्गात अशा बंदुका अजून पुष्कळ घरांत आहेत. भात पोटरीला आलं की रात्री माळ्यावर जागायला जायचं. आजोबा, कंदील, घोंगडी आणि मी. रानडुकरांचा कळप आला की आजोबा बहुतेक वेळा आकाशातच बार काढत. एकदा मी म्हटलं, मारा ना. म्हणाले, "एकच बार आसा बाबा. घाय केलंस तर डुकर तुझ्याच आंगार येतलो." दुसरा बार भरेपर्यंत डुक्कर वाट बघत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सकाळी विहिरीवर ते असंच गरम पाणी नळीत ओतत आणि असाच वास यायचा.

हे मी पॅपना सांगितलं. 'शेतावर माळा बांधून रात्री राखण' समजावायला वेळ लागला, पण रानडुकरांनी एका रात्रीत शेत लोळवलं म्हणजे काय, ते त्यांना लगेच कळलं. त्यांच्या भावाचा मका हरणं खातात. मग त्यांनी विचारलं, भारतात आता शिकार चालते का? नाही म्हटलं, 1972 च्या कायद्याने बंद झाली. पॅपना ते अजब वाटलं. इथे शिकाऱ्यांच्या लायसन्सच्या पैशातूनही गेम कमिशन, म्हणजे राज्याचं वन्यजीव खातं, जंगलं विकत घेतं, सांभाळतं. मी वाद घातला नाही. आपल्याकडे एवढ्या माणसांत एवढंसं रान उरलंय, तिथे हा हिशोब चालणार नाही असं मला वाटतं. पण इथे तो चालताना दिसतो, हेही खरं.

संध्याकाळी आभाळ एकदम मोकळं झालं आणि पारा धाडकन उतरला. जेवण झाल्यावर सगळे बाहेर आलो. इथून जवळच चेरी स्प्रिंग्ज आहे. काळोख्या आकाशासाठी 2008 साली त्या उद्यानाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि दूरदूरचे लोक दुर्बिणी घेऊन तिथे येतात. आम्हाला पडवीतूनच पुरेसं होतं. पूर्वेला झाडांवर ओरायन आलेला. धाकट्या चुलतभावाने बोट दाखवून म्हटलं, "तो बघ, शिकारी." मी म्हटलं, आमच्याकडे तेच हरीण आहे. मृग. हे चार पाय, मधे तीन तारे म्हणजे पोटात घुसलेला बाण, आणि तो खाली चमकतोय तो व्याध, शिकारी. सगळे गप्प होऊन वर बघत राहिले. मग पॅप म्हणाले, "बाण लागलाय, म्हणजे तुमच्या शिकाऱ्याची दारू कोरडी होती."

28 डिसेंबर

पावसाचा बर्फ झाला होता. प्रत्येक पावलाला कुरकुरीत पापड मोडल्यासारखा आवाज. अशा दिवशी दबकत जाऊन हरीण गाठणं अशक्य. त्यामुळे सकाळपासून हाकेच. आज मी हाकेवाल्यांत, आणि पॅप त्या हेमलॉकखाली. नारंगी जाकीट सगळ्यांना. कायदा काय म्हणतो याच्याशी पॅपना देणंघेणं नसतं, त्यांचा नियम कायद्याहून कडक. हाका चालू असताना कुणीही माणसांच्या दिशेला बंदूक फिरवायची नाही, फिरवली तर तो इसम पुढच्या वर्षी कॅम्पवर नसतो.

डोंगराच्या वरच्या अंगाला ओकच्या झाडांखाली बर्फ उकरलेला दिसला, खालची ओकफळं काढून खाल्लेली. जवळच लंबगोल खळगे, हरणं रात्री बसली तिथे अंगाच्या उबेने वितळलेले. एकात मी हात घातला. गार होता. मित्राने एकात घातला आणि बोट ओठांवर ठेवलं.

शंभरेक पावलं पुढे गेलो असू. खालून आवाज आला. रायफलचा आवाज एक कडाका असतो. याचे दोन तुकडे असतात, आधी बारीक 'फस्' आणि मग दबका, जाड 'धूम', जणू कुणी लांब कोठाराचं दार लोटलं. मग काहीच नाही. आम्ही जागीच थांबलो. नियम तसाच आहे.

खाली पोचलो तर घळीत धूर अजून तरंगत होता आणि पॅप झाडाला टेकून दुसरा बार भरत होते. हात जराही घाईत नव्हते. बारानंतर धुरामुळे समोरचं काही दिसत नाही. गोळी लागली की नाही, हे धूर विरल्यावर बर्फच सांगतो. बर्फाने सांगितलं. थोडे केस, मग ठिपके, मग ठिपक्यांची रेघ. तरी पॅपनी अर्धा तास कुणाला हलू दिलं नाही. मागे लागलं तर जखमी हरीण पळत राहतं, सोडलं तर बसतं. अर्ध्या तासाने साठ-सत्तर वारांवर ते सापडलं. मोठी मादी, एकटी. कालपासून मला उगाच वाटत होतं की पिल्लूवाली असू नये. ती नव्हती.

पुढचं काम मी बघायचं ठरवलं होतं, आणि पॅपनी सुरी माझ्याच हातात दिली. कोंबडी, बोकड सगळं आपण खातो, पण कापलेलं पिशवीतून येतं. पोट उघडल्यावर वाफ आली. गारठलेली बोटं त्या उबेत गेली आणि पहिल्यांदा दुखायची थांबली. हे मी कुणाला कसं सांगणार, कळत नाही, पण झालं तसं लिहिलं. पोटात ओकफळांचा भुगा होता. पॅपनी टोपी काढली, काही बोलले नाहीत, पुन्हा घातली. कानाला चिठ्ठं बांधलं. दोरी लावून बर्फावरून ओढत कॅम्पवर आणायला तास लागला. त्यात चढ होता तो भाग माझ्या वाट्याला आला.

रात्री स्वयंपाक माझा. मी घरून डब्यात मालवणी मसाला आणि सुकं खोबरं आणलं होतं, बायकोच्या नजरेआड. पहिल्या दिवशी काळीज करायचं ही त्यांची रीत. त्यांच्याकडे ते कांद्यावर लोण्यात परततात. मी अर्धं त्यांना सोडलं, अर्ध्याला वाटण लावलं. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, जास्त शिजलं की वातड होतं, म्हणून मसाला आधी पुरता भाजून घेतला आणि काळीज शेवटी टाकलं. धाकट्या चुलतभावाने तीनदा घेतलं आणि तीनदा बाहेर जाऊन बर्फ खाऊन आला. पॅपनी डबा हुंगून विचारलं, "यात दारू आहे का?" म्हणजे काळी दारू.

29 डिसेंबर

परतीचा दिवस. पहाटे दोन तास मिळाले. मी त्याच घळीच्या तोंडाशी एकटा. दर अर्ध्या तासाला रंजक बदलली, मोजा काढून, फुंकर न मारता, कारण फुंकरेतही दमट हवा असते. कानात काडी फिरवली. घोड्यावर चामड्याचं झाकण. सगळं शास्त्रानुसार. नऊ वाजेपर्यंत दोन खारी आणि एक सुतारपक्षी आला.

कॅम्पवर परत आल्यावर बार काढून टाकायचा होता. इथल्या नियमाने चकमकीची बंदूक वाटीतली दारू झटकली की रिकामीच समजतात, पण नळीत बार ठेवून कुणी घरी जात नाही. पॅपनी ओढ्याकाठचा एक कुजका बुंधा दाखवला. मी नेम धरला, चाप ओढला, आणि ठिणगी पडायच्या आत बार उडाला असं वाटलं. बुंध्याच्या मधोमध भोक. डोंगराने आवाज दोनदा परत केला. मागे पडवीत सगळे टाळ्या वाजवत होते. पॅप म्हणाले, आता हरणांना कळव कुणीतरी.

माझ्या वाट्याला एक मागची तंगडी आली, वर्तमानपत्रात गुंडाळून. विल्यमस्पोर्टला फोनला रेंज आली तेव्हा गावी काकांना लावला. आजोबांनंतर बंदुकीचा परवाना त्यांच्या नावावर आहे. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, पण भाताची कापणी झाली तरी काका उशिरापर्यंत जागे असतात. सगळं सांगितलं, फुसक्या बारासकट. ते हसले नाहीत. मादी किती लांब होती, गोळी एक की छरे, सगळं नीट विचारून घेतलं. मग थोडं थांबून म्हणाले,

"थंय निवडणूक इली की बंदूक ठाण्यार जमा करूची लागता?"

नाही म्हटलं.

"मज्जा आसा मगे," काका म्हणाले.